झाकणाच्या आतला कागद

गिटारचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर किट आणून घरी जोडतोय, असं इथे लिहिल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "अरे, दुकानात तयार अँप मिळतो की, हा कसला उद्योग?" काहींनी इनबॉक्समध्ये काळजीही व्यक्त केली, आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात, सांभाळ म्हणून. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. उत्तर लिहायला बसलो तर ते लांबत गेलं, आणि शेवटी आपल्या सगळ्यांच्या घरातल्या वॉशिंग मशीनपर्यंत येऊन पोचलं. म्हणून हे मोठं पोस्ट. चहा घेऊन वाचा.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. माझं किट '५ एफ १' नावाच्या सर्किटचं आहे. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५०च्या दशकात 'चँप' नावाचा छोटा अँप बाजारात आणला होता, त्याचं हे सर्किट. ५ म्हणजे पन्नासचं दशक, एफ म्हणजे सुधारणेची पायरी आणि १ म्हणजे मॉडेल. अख्ख्या यंत्रात व्हॉल्व्ह तीनच. १२ एएक्स ७ हा गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण सिग्नल वाढवतो. ६ व्ही ६ त्यात स्पीकर हलवण्याइतकी ताकद भरतो. ५ वाय ३ हा रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा. यांच्या नावातला पहिला आकडा फिलामेंटचा व्होल्टेज सांगतो: साधारण १२, ६ आणि ५ व्होल्ट. पुढे बटण एकच, आवाजाचं. ताकद जेमतेम पाच वॅट, पण खोलीत शेजारी दार वाजवतील इतकी पुरते.

व्हॉल्व्हचं तत्त्व नळाच्या चावीसारखं आहे. काचेच्या निर्वात नळीत एक कॅथोड तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन समोरच्या प्लेटकडे धावतात. मध्ये तारेची एक जाळी असते. जाळीवरचा व्होल्टेज किंचित बदलला की हा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६-०७ मध्ये त्यात जाळी घातली, आणि तिथून रेडिओ, लांब पल्ल्याचा टेलिफोन, सिनेमाचा आवाज हे सगळं शक्य झालं. अमेरिकन लोक याला ट्यूब म्हणतात. आपल्याकडे ब्रिटिशांचा शब्द रुळला, व्हॉल्व्ह. 'व्हॉल्व्हचा रेडिओ गरम व्हायला वेळ लागतो' हे वाक्य ज्यांनी आजोबांकडून ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आता खरी गोष्ट. हा अँप ज्याने घडवला तो लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. शिक्षण हिशेबनिसाचं. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. पण वादक त्यांचे बिघडलेले अँप घेऊन त्याच्याकडे येत, आणि कुठला भाग वारंवार जळतो, कुठली तार हादऱ्याने सुटते, हे तो रोज बघत होता. १९४६ मध्ये स्वतःची कंपनी सुरू केल्यावर त्याने अँप बनवले ते असे, की उद्या कुठल्याही गावातल्या रेडिओ मेकॅनिकला ते उघडता यावेत.

म्हणजे काय, ते किट जोडताना हाताला कळतं. एका फायबरच्या पट्टीवर छोट्या पितळी कड्या ठोकलेल्या असतात. त्यात रेझिस्टन्स आणि कंडेन्सर आडवे, ओळीने, एकमेकांपासून अंतर ठेवून डाखलेले. एक काढायचा तर दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसतात, हाताने ओढून बदलता येतात. आणि खोक्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असे: कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह, सर्किटचा नंबर काय. त्या नंबरावरून सर्किट डायग्राम मिळायचा, भाग प्रत्यक्षात कसे मांडलेत त्याचं चित्र मिळायचं, आणि कुठल्या टोकाला किती व्होल्ट यायला हवेत तेही त्यावर लिहिलेलं असायचं.

या कागदाबद्दल मला बोलायचंय.

तो कागद होता म्हणून १९५०च्या दशकातले अँप आजही वाजतायत. सत्तर वर्षांत त्यांचे कंडेन्सर सुकले, स्पीकर फाटले, व्हॉल्व्ह दमले. प्रत्येक वेळी कुणीतरी झाकण उघडलं, डायग्राम समोर ठेवला आणि बिघडलेला भाग बदलला. मूळ कारागीर वारले, फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलर्सना विकली गेली, पुढे परत विकली गेली, पण सर्किट लोकांच्या हातात राहिलं.

दुसरा परिणाम लंडनमध्ये दिसतो. १९६०च्या सुमारास ब्रिटनमध्ये अमेरिकन अँप फार महाग पडत. हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. तरुण गिटारवाले तिथे येऊन तक्रार करायचे. १९६२ मध्ये मार्शल, त्याचा दुरुस्ती करणारा सहकारी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण तंत्रज्ञ यांनी फेंडरच्या 'बेसमन' अँपचं ५ एफ ६-ए हे सर्किट समोर ठेवून स्वतःचा अँप बांधला. तिथे सहज मिळणारे भाग त्यात घातले. पुढे अमेरिकन ५८८१ व्हॉल्व्हच्या जागी ब्रिटिश केटी ६६ आला. खोकं बंद पाठीचं केलं आणि त्यात बारा इंची चार स्पीकर बसवले. सर्किट जवळजवळ तेच, आवाज मात्र वेगळा. हा जेटीएम ४५, आणि रॉक संगीतातला तो ओळखीचा भरदार आवाज इथून पुढे गेला.

तुम्ही म्हणाल, ही तर नक्कल झाली. झालीच. पण त्या नकलेने फेंडर बुडाली नाही. आज फेंडर आणि मार्शल ही दोन्ही नावं बाजारात आहेत, आणि फेंडर आजही पन्नासच्या दशकातल्या डिझाइनचे हाताने जोडलेले अँप चांगल्या चढ्या किमतीला विकते. घराघरात किट जोडणारे माझ्यासारखे लोक असूनसुद्धा.

किटचा इतिहास याला समांतर चालतो. मिशिगनमधली हीथ कंपनी मुळात घरी जोडायच्या विमानांची किट विकत होती. संस्थापक एडवर्ड हीथ १९३१ मध्ये विमानाच्या चाचणीतच गेला. १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने ती बुडालेली कंपनी घेतली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचे उरलेले इलेक्ट्रॉनिक भाग ढिगाने स्वस्तात मिळू लागले. अँथनीने ते उचलले आणि १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचं किट काढलं, किंमत ३९ डॉलर ५० सेंट. तयार ऑसिलोस्कोप तेव्हा याच्या कितीतरी पट महाग होता. छोट्या वर्कशॉपला, कॉलेजच्या लॅबला, होतकरू मेकॅनिकला हे यंत्र पहिल्यांदाच परवडलं.

हीथकिटची खरी ताकद तिच्या पुस्तिकेत होती. एकेक पायरी लिहिलेली, प्रत्येक पायरीपुढे खूण करायला चौकोन. ही तार इथून तिथे, इतक्या लांबीची, डाख द्या, खूण करा. जोडून झालं की हे यंत्र कसं चालतं आणि बिघडलं तर कुठून शोधायला लागायचं, तेही त्यातच. स्टीव्ह जॉब्सने १९९५च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की लहानपणी असली किट जोडल्यामुळे आजूबाजूची यंत्रं माणसांनीच बनवलेली आहेत आणि ती समजून घेता येतात, हा विश्वास आला. (त्याच माणसाच्या कंपनीचे फोन उघडणं पुढे किती अवघड झालं, हा भाग वेगळा.) हीथने १९९२ मध्ये किट बंद केली. तोवर तयार वस्तू किटपेक्षा स्वस्त झाली होती.

मधल्या काळात ट्रान्झिस्टर आला. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये त्याचा शोध लागला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्याने व्हॉल्व्हला रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर सगळीकडून हाकललं. लहान, थंड, स्वस्त, कमी वीज खाणारा. तक्रारीला जागाच नव्हती. आरसीएसारख्या कंपनीने १९७६ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवणं थांबवलं. गिटारवाले मात्र अडून बसले. कारण व्हॉल्व्ह क्षमतेच्या बाहेर ढकलला की आवाज एकदम तुटत नाही, हळूहळू दाटत जातो, कानाला गोड लागतो. इंजिनिअरच्या दृष्टीने तो दोष. वादकाच्या दृष्टीने तोच गळा.

पण नुसत्या हट्टाने व्हॉल्व्ह तयार होत नाहीत. निर्वात पोकळी, कॅथोडवरचा लेप, जाळीचं सूक्ष्म वेटोळं, हे सगळं माहीत असलेले कामगार लागतात. ते उरले ते पोलादी पडद्यापलीकडे. ६ सप्टेंबर १९७६ रोजी सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर पळून आला. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी विमान उघडलं तर आत व्हॉल्व्ह! पश्चिमेने टाकून दिलेलं तंत्र तिकडे कामावर होतं, म्हणून कारखाने जिवंत होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजने रशियातल्या सारातोवचा कारखाना हाताशी धरला. चेकोस्लोव्हाकियाच्या जुन्या टेस्ला कंपनीचा वारसा स्लोव्हाकियातल्या चाडत्सा गावी जेजे कंपनीने चालवला. तिसरा गट चीनमधला. जगभरातल्या गिटार अँपचे बहुतेक व्हॉल्व्ह आज या तीन देशांतून येतात.

याचा अर्थ मार्च २०२२ मध्ये कळला. युक्रेन युद्धानंतरच्या निर्बंधांना उत्तर म्हणून रशियाने दोनशेहून जास्त वस्तूंची निर्यात रोखली, आणि सारातोवचे व्हॉल्व्ह मिळणार नाहीत असं मॅथ्यूजच्या कंपनीने जाहीर केलं. जगभर दुकानांतला साठा संपू लागला, किमती चढल्या. नंतर परवानगी मिळून पुरवठा सुरू झाला, पण दर चढेच राहिले. नकाशा सगळ्यांकडे असला तरी बनवणारे हात मोजकेच उरले की काय होतं, त्याचा हा धडा.

आणि आपण? आपल्याकडे हे हात होते. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६०च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. 'बेल'चा शिक्का असलेले जुने व्हॉल्व्ह आजही परदेशातले शौकीन शोधून विकत घेतात. ते उत्पादन काळाबरोबर थांबलं, आणि त्यात गैर काही नव्हतं, गरजच संपली होती. मला जास्त लागतं ते दुसरंच. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी एक रेडिओवाला असायचा. भिंतीवर रेडिओंच्या उघड्या चॅसी, टेबलावर मीटर, ड्रॉवरमध्ये डायग्रामची जीर्ण पुस्तकं, पानं तेलकट झालेली. त्यातल्या बहुतेकांनी इंजिनिअरिंग कॉलेज पाहिलेलं नव्हतं. कुणी टपाली कोर्स केलेला, कुणी उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. डायग्राम वाचता आला की त्यांना पुरे होतं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर त्या परंपरेचे शेवटचे काही लोक अजून भेटतात. मला किटमधला एक कंडेन्सर हवा होता. काउंटरवरच्या साठीच्या काकांनी कागदावरचं मूल्य बघितलं आणि विचारलं, "एच. टी. किती आहे तुमचा?" मी साडेतीनशे म्हटल्यावर त्यांनी ४५० व्होल्टचा काढून दिला आणि म्हणाले, "कमीचा लावू नका, फुटेल." कुठलं यंत्र आहे हेही विचारलं नाही. एक आकडा कळला, की पुढचं त्यांना ठाऊक होतं.

जोडणीबद्दल ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन सर्किट १२० व्होल्टसाठी आहे, त्यामुळे आपल्या २३० व्होल्टला चालणारा मेन ट्रान्सफॉर्मर आहे ना, हे किट मागवतानाच बघा. जुन्या अँपना दोन पिनांची वायर असे, ती पद्धत जिवावर बेतणारी होती. तीन पिनी वायर आणि घरात खरोखरची अर्थिंग हवीच. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे वाटेत ६० वॅटचा पिवळा बल्ब. बल्ब भगभगून पेटला आणि तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि प्लग काढला तरी मोठे कंडेन्सर भरलेले असतात. ते रेझिस्टन्समधून रिकामे करून, मीटरने शून्य बघूनच हात घाला. ज्याला हे नवीन आहे त्याने जाणकार माणूस शेजारी बसवून करावं. यात भिडस्तपणा नको.

माझा अँप तीन रविवारांत झाला. चालू केल्यावर प्रत्येक टोकावर मीटर लावून आकडे लिहिले आणि ते सत्तर वर्षांपूर्वीच्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. थोड्याफार फरकाने जुळले. दुसऱ्या खंडातल्या, कधीच न भेटलेल्या माणसाने लिहून ठेवलेला आकडा आपल्या टेबलावर खरा ठरतो, यात एक वेगळाच विश्वास आहे.

आता वॉशिंग मशीन. मागच्या वर्षी आमचं पाच वर्षांचं मशीन बंद पडलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एकाच कंपनीची नाही. टेक्निशियन आला, स्क्रीनवरचा कोड पाहिला आणि म्हणाला, "पीसीबी गेलाय, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल." बोर्डावरचा नेमका कुठला भाग गेला, हे त्यालाही सांगता येईना. डायग्राम त्याच्याकडेही नाही, कंपनी देत नाही. बोर्डाची किंमत नव्या मशीनच्या जवळपास निम्मी. तो बिचारा प्रामाणिक होता, म्हणाला, "साहेब, नवीनच घ्या."

सत्तर वर्षांपूर्वीचा अँप मी घरी जोडू शकतो, आणि पाच वर्षांपूर्वीचं मशीन शिकलेला टेक्निशियन दुरुस्त करू शकत नाही. यात तंत्रज्ञान गुंतागुंतीचं झालं हा भाग आहेच, मी नाकारत नाही. चिप घरी उघडता येत नाही, आणि सगळ्यांनी सगळं उघडावं असंही माझं म्हणणं नाही. पण त्या बोर्डावर चिपशिवाय रिले असतात, कंडेन्सर असतात, साधे पॉवर सप्लाय असतात, आणि ते तपकीर गल्लीत किरकोळ पैशात मिळतात. अडतं ते कागदावर. कुठल्या टोकाला किती व्होल्ट हवेत, एवढं सांगणारा कागद.

जगात यावर हालचाल सुरू आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापावे लागतात, आणि त्यात माहितीपत्रकं उपलब्ध आहेत का, सुटे भाग मिळतात का, याचे गुण धरले जातात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं ठरवली. २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण द्यावेत अशी शिफारसही एका समितीने केली. दिशा बरोबर आहे. पण पोर्टलवर कंपनीने आपल्या सर्व्हिस सेंटरचा फोन नंबर टाकणं वेगळं, आणि गावातल्या मेकॅनिकच्या हातात डायग्राम पडणं वेगळं. पहिल्याने कंपनीचं गिऱ्हाईक कंपनीकडेच राहतं. दुसऱ्याने तालुक्याच्या गावात एक रोजगार राहतो.

कंपन्यांचा आक्षेप ठरलेला असतो: डायग्राम दिला तर नक्कल होईल, आणि अडाणी माणूस शॉक लागून मरेल. नक्कल झाल्यावर काय झालं ते फेंडर आणि मार्शलच्या गोष्टीत वर आलंच आहे. आणि धोक्याचं म्हणाल, तर माझ्या अँपमध्ये माणूस मारण्याइतकी वीज आहे, तरी त्याचा डायग्राम सत्तर वर्षं उघडा आहे. त्या कागदावर व्होल्टेज लिहिलेत म्हणूनच कुठे हात घालायचा नाही ते कळतं. डायग्राम नसताना झाकण उघडणाराच जास्त धोक्यात असतो, आणि आपल्याकडे लोक झाकण उघडतातच.

तर एक साधी गोष्ट करूया. पुढच्या वेळी मिक्सर, फ्रीज, पंप, ट्रॅक्टर, काहीही घ्यायला गेलात की दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. सुटे भाग किती वर्षं मिळतील? आणि सर्व्हिस मॅन्युअल बाहेरच्या मेकॅनिकला मिळतं का? उत्तर बहुधा "माहीत नाही" असं येईल. पण रोज दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर दुकानदार कंपनीच्या माणसाला विचारेल. शेतकरी मित्रांनी तर विचारावंच, ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिला की काय होतं ते त्यांना मी सांगायला नको.

आणि तुमच्या गावात अजून डायग्राम वाचून दुरुस्ती करणारे कुणी काका असतील, तर कमेंटमध्ये गाव आणि बाजारपेठ लिहा. नाव आणि नंबर त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. यादी झाली तर ती आपल्या सगळ्यांच्याच कामाची आहे.